दोऱ्यावरचे आलुबुखार

पहिले पत्र दिवाळीच्या पाडव्याला. दुसरे संक्रांतीनंतर. तिसरे होळीच्या दुसऱ्या दिवशी. उत्तर एकालाही नाही. या साऱ्या प्रकाराला जबाबदार व्यक्ती: सोलापुरात सात रस्त्याजवळच्या सुक्या मेव्याच्या एका झगमगीत दुकानाचे मालक, त्यांचे व्यवस्थापक, आणि तिसरा मी. तिसऱ्याचा खुलासा पुढे येईल.

"चावू नका साहेब, नुसतं तोंडात धरा," असे म्हणत अक्का माझ्या तळहातावर एक सुका आलुबुखार ठेवीत. शुक्रवार पेठेत त्या माझ्या शेजारी. घरची भाषा तेलुगू. आयुष्य यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेलेले. मी न्यायालयातला निवृत्त लिपिक. तो काळा, सुरकुतलेला गर जिभेवर सावकाश उलगडे. आधी आंबट, मग गुळासारखा, बीजवळ किंचित कडवट. तेवढा वेळ मी कोणाविरुद्धही बोलत नसे. सारी गल्ली साक्षीला आहे.

उन्हाळा सरताना मंडईत ताजे आलुबुखार येत. लोक रसरशीत फळे उचलीत. अक्का देठाशी सुरकुतू लागलेली, घट्ट फळे वेचीत. "पानी कमी, साकर जास्त." ती कढत पाण्यात बुडवून लगेच काढायची, जाड सुईने कांडीच्या दोऱ्यात ओवायची आणि माळा गच्चीवर टांगायच्या. भर दुपारी मात्र सगळ्या माळा सावलीत. मी कारण विचारले.

"हितलं ऊन लई तापट. वरनं कडक हुतं, आतनं नासतं." मग माझ्या हातातल्या तक्रार-अर्जाकडे पाहून म्हणाल्या, "तुमी बी सावलीत बसा की जरा."

आता माझा अपराध. गुडघे दुखत असतानाही अक्का सुके आलुबुखार विकायला टोपली घेऊन दारात बसत. मला ते पाहवेना. मी त्या दुकानाला शिफारसपत्र लिहिले. मालक स्वतः आले, एक फळ तोंडात धरले, लगेच दुसरे मागितले आणि सगळा माल उचलायला तयार झाले. अक्कांनी एकच अट घातली: "डब्यावर सोलापूर लिवा. माजं नाव नगं." मालकांनी मान डोलावली. ही अट लेखी घ्यावी, हे आयुष्यभर करारनामे हाताळलेल्या मला सुचले नाही.

दिवाळीत तो डबा विकत आणला. अक्कांनी पदराने पुसून तो हातात फिरवला. त्यांना वाचता येत नव्हते.

"सोलापूर कुटं लिवलंय? बोट ठेवा की साहेब."

मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. सोनेरी अक्षरांत ‘अस्सल विदेशी प्रून’ एवढेच होते. ते मी वाचून दाखवले; प्रून म्हणजे सुका आलुबुखारच, हेही सांगितले.

"अय्यो!" अक्का हसल्या. "माजा आलुबुखार फॉरेनला जाऊन आला म्हना की! मी हैदराबादच्या फुडं गेले न्हाय." हसून झाल्यावर त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. आतला एकही आलुबुखार त्यांनी उचलला नाही.

मी तडक दुकानात गेलो. प्रत्येक फळाला आरपार गेलेली दोन भोके व्यवस्थापकांना दाखवली.

"ही सुईची भोके आहेत."

"कीड असेल काका."

"मग डब्यावर तसे छापा."

त्यांनी उसासा टाकला. "काका, सोलापूरची चादर खपते. सोलापूरचं प्रून कोण घेणार?"

वस्तू कोठली, हे वेष्टनावर खरे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. मालकांना धाडलेल्या तिन्ही पत्रांत मी हेच लिहिले. तिसरे पत्र पेटीत टाकले तेव्हा अक्का नव्हत्या. होळीच्या आदल्या आठवड्यात त्या गेल्या.

आता पुन्हा मंडईत आलुबुखार आले आहेत. अक्कांच्या गच्चीवर दोन खिळ्यांमध्ये दोरा तसाच ताणलेला आहे. दुपार झाली तरी तो कोणी सावलीत नेत नाही. मी थकलो आहे. चौथे पत्र टपालाने जाणार नाही. वाचकहो, ते आपल्या हाती आहे. त्या दुकानात गेलात तर एक डबा उघडून भोके पाहा.

माझ्या वाट्याची कबुली मी वर दिली. आता मालकांनी सर्वांसमक्ष उत्तर द्यावे: डब्यावर सोलापूर कोठे आहे? बोट ठेवून दाखवावे.