काळ्या रेघांवरचं कुंकू

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतंच. हे कुणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं.

फरीदाबादचा ह्यांचा कारखाना बंद पडला आणि हे दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसू लागले. तेव्हा भाचीने, माझ्या नणंदेच्या मुलीने, मला एक काम शिकवलं. पुस्तकामागच्या काळ्या रेघांवर मोबाइल धरायचा. टीं वाजलं की ते पुस्तक ऑनलाइन केवढ्याला विकलं जातं तो आकडा दिसे. मला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. नव्या टॉवरमधली माणसं घर बदलताना पोती भरून पुस्तकं रद्दीत देत. मी कबाड्याच्या दुकानात खाली बसून एकेक पुस्तक उलटं करी.

"भाभी, पढ़ती हो कि नब्ज़ देखती हो?" कबाडी हसे. मी पुढचं पुस्तक घेई.

एकदा कुठला तरी क्लास बंद झाला आणि त्याची सगळी पुस्तकं कबाड्याकडे आली. जवळजवळ प्रत्येकाचा आकडा चांगला. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते. वन्संनी भाचीच्या नर्सिंगच्या फीचे दिले.

"दिवाळी झाली की फी भरायचीय, वहिनी. तोवर नक्की परत हवेत हं."

माल ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीच्या गोदामात पाठवायचा होता, आणि मध्ये दसरा आला. माहेरी दसऱ्याला पुस्तकांची पूजा होई. माझा हा पहिलाच मोठा माल. पुढचं चित्र खराब नको म्हणून मी प्रत्येक पुस्तक पालथं घातलं आणि ओल्या कुंकवाचं बोट मागच्या काळ्या रेघांवर टेकवलं. पैसे त्या रेघाच देणार होत्या.

दिवाळीच्या तोंडावर खोके परत आले. आतली चिठ्ठी भाचीने वाचली.

"मामी, त्यांच्या मशीनला रेघा वाचता येत नाहीयेत. डाग आहेत म्हणे."

कापसाने पुसायला गेले तर गुलाबी पाणी आणखी पसरलं. हे तेवढ्यात वळून म्हणाले, "पूजा सांगितली होती कुणी?"

वन्संना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीचं शिक्षण देवाला वाहिलंत, वहिनी."

कबाड्याने सगळं वजनावर परत घेतलं. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. फीची तारीख गेली आणि भाची करोल बागेत कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागली. मी पुन्हा रद्दीत बसले. एखादं पुस्तक विकलं गेलं की पैसे वन्संकडे पोचवायचे, चहाला न थांबता निघायचं. पुढची दिवाळी अशीच गेली. त्याआधीच्या दसऱ्याला मी पुस्तकांकडे पाहून नुसते हात जोडले.

उन्हाळ्यात शेवटचे पैसे घेऊन गेले. भाची नुकतीच दुकानातून आली होती, सुजलेले पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसलेली. वन्संनी नोटा तिच्यापुढे केल्या. दुकानात मोजते तशा तिने त्या भराभर मोजल्या, रबर लावलं आणि आईच्या हातात दिल्या.

"पूर्ण फिटले, मामी," ती म्हणाली.