दगडावर दगड

गुरुवारी माझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. गाठ कसली, ते नंतरच कळणार होतं. अशात बायकोला रविवारी नदीची घळ बघायची हुक्की आली. नाशिकहून तासभर गाडी तिनेच चालवली.

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि सहाकोनी खांब तयार होतात, हे फळ्यावर इतक्यांदा काढलंय, की खरे खांब बघून वाटलं, माझे जास्त रेखीव होते. गाड्या लावून घेणारा म्हणालाच होता, "काका, लय भारी पॉइंट हाय." भारी म्हणजे काय, तर खांबांकडे पाठ करून फोटो काढणारं निम्मं नाशिक आणि पाण्यात तरंगणारी चिप्सची पाकिटं.

मी दमून तिथेच टेकलो. बायको पुढे गेली.

थोड्या वेळाने मीही खाली उतरलो. सपाट कातळावर जिकडेतिकडे दगडांच्या उतरंडी. चपटे दगड एकावर एक रचून मनातलं मागायचं, म्हणजे ते मिळतं म्हणे. पूर्वी लोक घर मागायचे. आता व्हिसासुद्धा मागत असतील. कोट्यवधी वर्षं पडून असलेला हा कातळ यांच्या बढतीची काळजी वाहणार! माझं डोकंच फिरलं. काठीने एकेक उतरंड पाडत निघालो. एका बाईने "ओ बाबा, काय करताय?" म्हणून हटकलं, तर तिला बेसाल्टवर पाच मिनिटं ऐकवलं. बिचारी निघून गेली.

सातवी की आठवी पाडली, तेवढ्यात बायको पाण्यावरून ओले हात पुसत आली.

"अहो, ती तुमची होती," ती म्हणाली.

भांडली असती तर मी पुरून उरलो असतो. ती खाली बसून दगड शोधू लागली. सगळेच काळे, सगळेच चपटे. तिचे कोणते, तिलाही ओळखू येईनात. मला भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती. पंधरा दिवस डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांची टर उडवत होतो, ती या भीतीपायीच.

"दुसरे कुठलेही चालतील ना?" मी विचारलं.

"वरचा काही केल्या बसत नव्हता हो," ती म्हणाली. "चौथ्या खेपेला बसला होता."