पायरीसाठीचं मीठ

"हातात नको, हातात नको. खाली ठेव."

मावशींनी हात मागे घेतला. मी बरणी धरून दारात तशीच उभी. पाठीवर सॅक, पायात नवे बूट, दीड दिवसाच्या प्रवासानं अंग आंबलेलं. "मीठ हातात देत नाहीत गं, भांडण होतं. तुमच्यात पाळत नाहीत का?" मी वाकले आणि बरणी पायपुसण्यावर ठेवली.

जर्मनीतलं एक लहानसं गाव. तिथल्या संस्थेच्या प्रयोगशाळेत मला तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना तिथल्या एखाद्या कुटुंबात ठेवतात. मला मराठी कुटुंब मिळालं म्हणून आमच्या घरी केवढा आनंद. काका त्याच संस्थेतून निवृत्त झालेले, मावशी मूळच्या पुण्याच्या, तिकडे जाऊन तीस वर्षं झालेली. संस्थेच्या पत्रात लिहिलं होतं, यजमानांसाठी आपल्या घरची एखादी वस्तू आणावी. आई म्हणाली, आपल्या घरची वस्तू म्हंजे काय, मीठच की.

आमचं मिठागर जासईच्या पुढं, खाडीच्या अंगाला. आजोबांनी तिथं मीठ काढलं, मग बाबांनी आणि आईनं. आता तिथं कंटेनर उभे असतात आणि बाबा त्यांच्याच गेटवर रखवालदार आहेत. शेवटच्या वर्षीचं मीठ आईनं जपून ठेवलं होतं. त्यातलं अर्धं तिनं त्या बरणीत भरलं, झाकणाला दोरा गुंडाळला. अर्धं. एवढं तिनं माझ्या मावशीला, सख्ख्या बहिणीलासुद्धा दिलं नव्हतं.

संध्याकाळी मावशींनी दोन मैत्रिणींसमोर बरणी उघडली. "ई, केवढं जाडं! आणि करडं काय हे? गुरांना घालतात ते का?" काका म्हणाले, "फेकू नकोस. हिवाळ्यात पायरीवर बर्फ साचला की टाकता येईल." सगळे हसले. मीही हसले. त्यांचं हसणं मी कधीच सोडून दिलं, माझं मात्र अजून डोक्यातून जात नाही. बरणी गॅरेजमध्ये गेली.

मग मावशींनी मायेनं विचारलं, "आडनावावरून कळत नाही गं. तुम्ही म्हणजे नक्की कोण?" मी सांगितलं, आगरी. "अच्छा," म्हणाल्या. आणि मग, "इथे कुणी विचारलं तर पनवेल म्हण. मुंबईच्या जवळ म्हण. मिठागर-बिठागर सांगत बसू नकोस, लोकांना कळत नाही." त्या वाईट बोलल्या नाहीत. पोळी वाढत वाढत बोलल्या. आणि मी तीन महिने पनवेल-पनवेल करत फिरले.

प्रयोगशाळेत काम काय मिळावं? खारं पाणी आटवून त्यातून मीठ वेगळं करायचं. विमानात बसून सात समुद्र ओलांडले आणि पुन्हा मीठच. पण तिथं कुठलं ऊन, कुठला वारा. काचेची भांडी, तापमान मोजणारी यंत्रं, भिंतीवर लावलेला तक्ता. तक्त्यातल्या आकड्याला पाणी पोचलं की उरलेलं पाणी काढून टाकायचं. पण मीठ कोरडं होईना. भट्टीत ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी ओलं. दोन आठवडे सगळे यंत्रांना दोष देत होते.

एके दुपारी मी ग्लोव्ह काढला आणि ते पाणी दोन बोटांत चोळलं. नियमात बसत नव्हतं ते. बोटं सरकली. तेलाचं बोट असतं ना, तशी. आणि आईचा आवाज ऐकू आला, मिठागरातला, कमरेवर हात ठेवून ओरडणारा. "बोटाला तेलकट लागला का पानी सोडाचा. नाय त मीठ सुकत नाय." मीठ खाली बसल्यावर वर उरतं ते हे कडू पाणी. ते वेळेवर बाहेर सोडलं नाही तर मिठात बसतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. प्रयोगशाळेतलं पाणी तक्त्यातल्या पाण्यासारखं नव्हतंच, तेलकटपणा आधीच येत होता. मी पाणी लवकर सोडलं. दुसऱ्या दिवशी मीठ खडखडीत कोरडं.

प्रयोगशाळेचे प्राध्यापक आनंदले. पाच वेळा माझ्या बोटांनी सांगितलं, पाच वेळा त्यांनी यंत्रावर तपासलं, पाचही वेळा मी बरोबर. "तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं."

"कोणत्या?"

कान तापले. आईचं नाव जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. ज्या बाईनं तीस उन्हाळे गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून हे शिकून घेतलं, तिला मी एका नसलेल्या पुस्तकामागं लपवलं. मावशींनी मला फक्त सांगितलं होतं. केलं मी.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आपलं काम सगळ्यांपुढं मांडायचं होतं. यजमान कुटुंबांनाही बोलावणं होतं. मला तिथंच पीएचडीला जागा हवी होती. हवी होती म्हणजे काय, जीव अडकला होता तिच्यात. काका म्हणाले होते, "प्राध्यापक माझे जुने मित्र. मी शब्द टाकतो." मी भाषणाला आईचा एक फोटो घेतला होता. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात लांब दांड्याची फळी, मागं मिठाचा ढीग. मावशींनी तो माझ्या लॅपटॉपवर पाहिला.

"हा काढ बाई. आमच्या ओळखीचे लोक येणार. त्यांना वाटेल, इंडिया म्हणजे हेच."

काका पेपर खाली ठेवत म्हणाले, "मी त्यांना सांगितलंय, तू चांगल्या घरातली आहेस. मला खोटं पाडू नकोस."

मी फोटो काढला. हो, काढला. लगेच काढला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच विचारलं, "मावशींना मीठ आवडला काय गं? संपला असंल आता." मी म्हटलं, "आवडला. रोज घालतान जेवनात." आई एवढी खूष झाली की बाजूला बसलेल्या बाबांना ओरडून सांगितलं. फोन ठेवला आणि मला माझीच किळस आली. मी गॅरेजमध्ये गेले. फावडं, जुने टायर, त्यांच्यामागं बरणी. आईचा दोरा तसाच. वर चिकटपट्टीवर मावशींच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं, पायरीसाठी.

चांगलं घर. माझ्या आईचं घर चांगलं नव्हतं तर मग हे काम कुणाच्या घरातून आलं होतं? मी बरणी सॅकमध्ये टाकली आणि फोटो होता तिथं परत लावला.

सभागृहात मावशी-काका पुढच्याच रांगेत. मी बोलायला उभी राहिले. आकडे झाले, आलेख झाले. मग फोटो. मी म्हणाले, "ही माझी आई. पाणी कधी सोडायचं हे मला हिनं शिकवलं. मी पुस्तकात वाचल्याचं सांगितलं होतं, ते खोटं होतं. आम्ही जासईचे मिठागरवाले." आणि बरणी टेबलावर ठेवली. चिकटपट्टी मुद्दाम काढली नव्हती.

प्राध्यापक उठून जवळ आले. मीठ बघायला त्यांनी तळहात पुढं केला. मी दोरा सोडला, मूठ भरली आणि त्यांच्या हातावर ओतली. पुढच्या रांगेतून मावशींचा दबका आवाज आला, "अगं, हातात नको."

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्या गावात चारचौघांत माझ्या भाषेत बोलले. "आमच्यात हातावरच देतान, मावशी."

आणि खरंच हातावरच देतात. मीठ चाखायला बाबा माझ्या इवल्या तळहातावर खडा ठेवायचे, मी त्यांच्या हातावर. हात मागं घ्यायचा असतो हे मला त्या दारात कळलं.

पुढचे दोन दिवस टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं, समोर कुणी बसायचं नाही. पीएचडीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. काकांनी शब्द टाकला नाही, की उलटा टाकला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्या जागेसाठी मी रडले, परत आल्यावर पनवेलच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसून, लोक बघत असताना रडले. पण फोटो दाखवायला नको होता असं एकदाही वाटलं नाही.

आता मी पनवेलच्या एका कॉलेजात प्रॅक्टिकल घेते, कामोठ्याला खोली घेऊन राहते. बरणीत उरलेलं मीठ मी परत आणलं आहे. जूनमधल्या पहिल्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा ठेवते आणि विचारते, गाव कुठलं? खरं गाव, आधार कार्डावरचा सेक्टर नको. यंदा एक मुलगी हात मागं घेऊन म्हणाली, "मॅडम, मीठ हातात घेत नाहीत. भांडण होतं."

मी तिचा हात धरला आणि खडा ठेवला.

तीन ठिकाणी पुन्हा अर्ज केले आहेत, दोन परदेशातच. तिन्ही अर्जांची पहिली ओळ एकच आहे, हे काम मी माझ्या आईकडून शिकले. खाली तिचं नाव, गाव आणि धंदा. नकार आला तर चौथा अर्ज करीन, त्यातही ती ओळ राहील. भांडण होणार असेल तर होऊ दे. मी हात मागं घेणार नाही.