वीतभर वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्याच्यावर माझा जीव आहे, कारण आमच्या घरात "आज वाघिणीच्या पोटाला गंज लावला" असं चहा पिता पिता म्हणता येतं आणि कुणी दचकत नाही. गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटची मागची गॅलरी मी काचा लावून बंद करून घेतली. तिथं बसून मी जुन्या मीटरगेजच्या वाघिणी बांधते, रंगवते आणि मग खपून त्या मळवते. शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाले, आता हे. नवरा आल्यागेल्याला सांगतो, "बायको रेल्वेत आहे."

खरे रेल्वेत होते ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. यार्डात खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारे मजूर, म्हणून लागले आणि गाडी तपासणारे म्हणून निवृत्त झाले. मालगाडी येऊन थांबली की हातोडी आणि टॉर्च घेऊन तिच्या कडेकडेनं चालायचं, प्रत्येक डब्याची चाकं, ब्रेक, चाकांवरचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बघायच्या आणि ठरवायचं, हा पुढं जाईल की नाही. पुढं रूळ रुंद झाले, मीटरगेज उखडलं आणि मामांचे डबे गॅसनं कापून भंगारात गेले. त्या दिवसापासून त्यांनी डब्यांचं नाव काढलं नाही. कुणी विषय काढलाच तर ते पेपर उघडतात. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

मला त्यांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, की मी केलेली वाघीण खरी आहे. माझ्या ओळखीत ती खरी की खोटी हे सांगू शकणारं दुसरं माणूस उरलेलं नाही. नातेवाईक "अय्या, किती गोड" म्हणतात. असल्या कौतुकाची मला चीड येते. गोड काय, वाघीण आहे ती! मामा गेले की माझं काम तपासणारं कुणीच राहणार नाही, आणि मग मी आयुष्यभर "अय्या, किती गोड"वर जगायचं, ही भीती माझ्या मनात कायम होती. ती कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

पहिली वाघीण मी लग्नपत्रिकांतून उभी केली. आमच्याकडं पत्रिका ढिगानं येतात आणि त्यांचा पुठ्ठा असा ताठ असतो की तसला दुकानात मिळत नाही. मीटरगेजच्या दोन रुळांत एक मीटर अंतर; माझ्या रुळांत पंचेचाळीस मिलिमीटर. त्या हिशेबानं डबा झाला एक वीत आणि वर चार बोटं. पत्रिकेची छापील बाजू आत घेतली, त्यामुळं माझ्या वाघिणीच्या छपराखाली आजही "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असं लिहिलेलं आहे. चाकं चिकलठाण्याच्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. "मॅडम, कशाचे पार्ट हायेत?" त्यानं विचारलं. "मालगाडीचे," मी म्हटलं. बिचारा मी रिक्षात बसेपर्यंत हसला नाही.

सगळ्यात मोठी अडचण रिवेटची होती. जुन्या डब्याच्या अंगावर रिवेटच रिवेट, आणि माझ्या मापात एक रिवेट म्हणजे मोहरीच्या दाण्याहून बारीक. टाचणीनं, सुईनं, रिफिलनं करून पाहिलं. शेवटी एक दिवस मेंदीचा कोन डोळ्यांसमोर आला. डिंकात खडूची पूड कालवून कोनात भरली, टोक कापलं आणि नवरीच्या हातावर घालतात तसे ठिपके घालत गेले. ओळ कशी सरळ! वाळल्यावर वरून खिडकीच्या जाळीला लावतात तो रेड ऑक्साईड मारला, आणि समोर लोखंडाचा डबा उभा राहिला. मी एकटीच गॅलरीत टाळ्या पिटल्या.

ती घेऊन मी मामांपुढं गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"लई देखणी झालीय," ते म्हणाले, "शोकेसमधी ठिवा."

आणि पेपर उघडला. माझा चेहरा उतरला तो नवऱ्यालासुद्धा दिसला.

देखणी आहे हाच तिचा दोष होता, एवढं मला कळलं. मग मी मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहायला लागले. नव्या डब्याला जुना कसा करायचा याचं ते लोक शास्त्र करून बसलेत. त्यांच्यासारखीच मी विटेची पूड केली, पाण्यात कालवली आणि डब्याला वरपासून खालपर्यंत फासली. आयुष्यभर मुलांच्या कंपासपेट्या पुसून घेतलेल्या बाईला मुद्दाम घाण करायला किती जड जातं ते सांगून कळणार नाही. हात नकळत सगळीकडं सारखं करत होता.

मामांनी या वेळी पेपर खाली ठेवला, पण हसण्यासाठी.

"ही कुठली माती? कोकणात मीटरगेज व्हतं व्हय?"

इथं बोट टेकवाल तिथं काळी माती, आणि मी डबा लाल करून बसले होते.

"आन् समदीकडून सारखीच मळलीय. गुलाल उधळल्यावानी. ही राबलेली नाय, सूनबाई. राबली कुठं ही? काय वाहिलं हिनं?"

दोन दिवस मी त्यांना चहा दिला तो न बोलता दिला. राग त्यांचा नव्हता, त्यांचं बरोबर होतं याचा होता. त्यांनाच विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं किंवा पेपर उघडला असता, पण विचारून मिळवलेल्या उत्तरावर मला पास व्हायचं नव्हतं.

शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं की तासाभराच्या अंतरावर एका लहान स्टेशनामागं, बाभळींत, मीटरगेजचा एक डबा अजून उभा आहे. कापायचा राहून गेलेला. मी गोणपाट, पाण्याची बाटली आणि मोबाईल घेऊन गेले. होता! जुन्या रुळाच्या एका तुकड्यावर, चाकांसकट. मी गोणपाट अंथरून सरळ त्याच्याखाली शिरले आणि पाठीवर पडून फोटो काढायला लागले. बऱ्याच वेळानं मेंढरांच्या पायांची गर्दी दिसली, आणि त्यांच्यामागं दोन जोडव्यांचे पाय.

"काय हरवलं व्हय, बाई?" मेंढरांमागची बाई वाकून विचारत होती.

"काही नाही. गंज बघतेय."

"गंज? आमच्या पत्र्याला बी हाय की. येवढ्या लांब कशाला आलात?"

मी बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं. सासरे, डबा, राबली कुठं, सगळं. तिनं ऐकून घेतलं, डब्याभोवती एक चक्कर मारली आणि दाराखालच्या पत्र्याला काठी लावली. पत्रा भुग्यासारखा पडला.

"मीठ वाहिलंय ह्यानं," ती म्हणाली. "बघा की, खालूनच खाल्लंय, आन् दारापाशी जास्ती. मेंढरांचं मीठ ठिवतो त्यो आमचा डबा असाच खालून जातो."

मी तिच्या पाया पडायचीच राहिले. ती मात्र "येडीच हाय" अशा नजरेनं बघत मेंढरं हाकत गेली.

मग तीन आठवडे मी मीठ वाहणारी वाघीण केली. जुनी सोडून नवी, पहिल्यापासून. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की चार दिवसांत अस्सल गंजाचं पाणी मिळतं; ते बारीक कुंचल्यानं दाराच्या खाली, कडेला, पत्र्याच्या जोडात सोडलं. वरचा भाग जवळजवळ चांगलाच ठेवला. माहेरच्या शेतातली काळी माती जुन्या ओढणीतून गाळून चाकांपासून वर उडवली, कारण माती खालून उडते, वरून पडत नाही. चाकांच्या आसाच्या टोकाला ज्या तेल भरलेल्या पेट्या असतात त्यांच्यावर तव्याची काजळी खोबरेल तेलात खलून लावली. खालचे पाटे, दांडे, साखळ्या, सगळं फोटोत दिसलं तसं. स्वतःची अक्कल कुठंही चालवली नाही. चित्रकलेच्या मास्तरणीला हे सोपं नव्हतं.

माती अजून पक्की करायची राहिली होती. वरून रोगणाचा एक पातळ हात द्यायचा आणि मगच मामांना दाखवायचं, असं ठरवून मी भाजीला गेले. दिवस खंडेनवमीचा होता.

परत आले तर गॅलरीत उदबत्तीचा वास. नवऱ्यानं पाटावर माझ्या कात्र्या, कानशी, पकड, कुंचले, मेंदीचे कोन ओळीनं मांडले होते आणि मधोमध वाघीण. तिला झेंडूचं फूल, कपाळ समजून पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकवाचं बोट, आणि वरून फुलानं शिंपडलेलं पाणी. जिथं थेंब पडले तिथं माती धुतली जाऊन डाग पडले होते आणि कुंकू ओघळून पार खाली गंजात उतरलं होतं.

"अहो, हे काय केलंत!"

"पूजा," नवरा म्हणाला. "दरवर्षी शिवणयंत्राची करतो, या वर्षी म्हटलं तुझ्या हत्यारांची."

"पाणी शिंपडून?"

"मग पूजा काय कोरडी करतात?"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला एवढं नक्की. मी कापूस घेतला, ओला केला आणि कुंकू पुसायला वाकले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब. पुसू नको."

मामा दारात उभे होते. ते कधी गॅलरीत येत नाहीत.

"यार्डात आम्ही बी लावायचो," ते म्हणाले. "हातोडीला, डब्याला, समद्याला. मग एखादी सर आली की कुंकू असंच ओघळायचं. असंच." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "टॉर्च आन. आन् तिला टेबलावर घे, डोळ्यासमोर."

इतक्या वर्षांत त्या घरात यार्ड हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. नवरा माझ्याकडं बघायला लागला, मी टॉर्च शोधायला लागले.

मामा टेबलाच्या एका टोकाला उभे राहिले आणि तिथून चालायला लागले. वीतभर डबा, पण ते पावलं मोजल्यासारखे चालले. चाकाशी आले तेव्हा त्यांनी उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट उलटं करून तेलाच्या पेटीला टेकवलं. गाडी नुकतीच आली असेल तर ती पेटी तापलेली असते, म्हणून तळहात लावत नाहीत, उलटा हात लावतात. त्यांना आपण काय करतोय हे कळलंही नसावं. दाराखालचा गंज पाहून स्वतःशीच "मीठ" म्हणाले. मी खुर्चीची पाठ धरली. मग दुसऱ्या बाजूला गेले, वाकले, टॉर्च आत मारली आणि तिथंच थांबले.

"खडू दे."

शिक्षिकेच्या घरात खडूला तोटा नसतो. त्यांनी खडूच्या टोकानं माझ्या वाघिणीच्या पत्र्यावर दोन अक्षरं लिहिली. सिक.

रेल्वेच्या बोलीत सिक म्हणजे आजारी. ज्या डब्यात दोष सापडला तो सिक. त्याला गाडीतून तोडून बाजूला काढायचा, दुरुस्त झाल्याशिवाय हलवायचा नाही.

"पाटा तुटलाय," मामा कडक आवाजात म्हणाले. "ह्या चाकावरचा. वरचं पान फुटलंय. कुणी पास केली ही? ही मी सोडणार नाय."

"बाबा, पुठ्ठ्याची आहे ती," नवरा म्हणाला.

"पुठ्ठ्याची असू दे. पाटा तुटलाय का नाय ते सांग."

मी मोबाईल काढला. बाभळीतल्या त्या डब्याचा फोटो मोठा केला. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांत सगळ्यात वरची खरोखरच फुटलेली होती, आणि मला काहीएक न कळता मी ती फट जशीच्या तशी कानशीनं पाडली होती.

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून हसले, मग रडले, मग परत हसले. तोंडावर पाणी मारून बाहेर आले. शाळेत मला तीन वेळा शाल-नारळ मिळाला आहे. त्यातला एकही या नापासाच्या पासंगाला पुरत नाही. खेळणं मोडतं, सिक होत नाही. मामांनी माझी वाघीण नाकारली होती आणि मी जिंकले होते, आणि त्या घरात हे कळणारे आम्ही दोघंच होतो.

माती मी पक्की केली. कुंकू तसंच ठेवलं, खडूही. पाटा मात्र बदललेला नाही आणि बदलणारही नाही. मामा आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत येतात, वाकून बघतात आणि तपासनिसाच्या आवाजात विचारतात, "झाला का पाटा?"

"नाही, मामा. सामानच आलं नाही अजून."

ते मान हलवतात.

"मग ऱ्हाऊ दे उभी. सामान कधी टायमाला आलंय व्हय?"