फळ्यावरचं अस्वल

झरी जामणीकडच्या शाळेत मी तिसरीच्या वर्गावर गेले, तेव्हा पोरं धडाधड वाचायची. मी खूश. मग एक दिवस एका मुलीच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली, आणि पठ्ठीनं मधलं, न दिसलेलं पानही अख्खं वाचून दाखवलं! मी कपाळावर हात मारला. सगळा वर्ग धडे पाठ म्हणत होता. वाचन कसलं, नुसती पोपटपंची.

घरी कोलामी, माझ्याशी वऱ्हाडी आणि पुस्तकात तिसरीच मराठी, त्या लेकरांचं तरी काय चुकलं? पण एकदा डोकं तापलं की मला धीर धरवत नाही. पुस्तकं कपाटात टाकली आणि म्हटलं, "सांगा, काल घरी काय झालं?" पोरं सांगायची, मी फळ्यावर लिहायची, मग तेच पोरं वाचायची. पुढे खडूही त्यांच्याच हाती दिला. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं. वाचता आलं नाही की भांडण. "तुयं अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी हाये!" मग लिहिणारा चिडून पुसायचा आणि नीट लिहायचा. मला ती भांडणं फार आवडायची.

मोहाचा हंगाम आला. फुलं पहाटे गळतात, तेव्हाच वेचावी लागतात, आणि उन्हाळ्यात आमची शाळाही सकाळची. ती पानं उलटणारी मुलगी येईनाशी झाली. एक दिवस तिची आई तिला घेऊन आली, ती शाळेतून नाव कमी करायलाच.

"मॅडम, तीन साल झाले, पोरगी शाळेत येऊन राह्यली. आता तर तुमी पुस्तकबी देत नाही, नुसत्या गोष्टी. कायले पाठवू? मोह तरी येचन."

माझा पारा चढला, पण बाईला स्वतःला अक्षरओळख नाही. पोरीला येतं हे तिला पटावं कसं? मी पोरीच्या मैत्रिणीला बाहेर झाडाखाली पिटाळलं आणि आईला म्हटलं, "ताई, पोरीच्या कानात काहीबी सांगा. मले नका सांगू."

आई कानात कुजबुजली. पोरीनं फळ्यावर लिहिलं. मग मैत्रिणीला आत बोलावलं. ती बोट फिरवत वाचू लागली, "काल... मोहाखाली... अस्वल आलतं. माय... टोपलं टाकून... पयाली."

वर्ग खो खो हसला. आई मात्र हसली नाही. "इले कोणं सांगतलं?"

"मी लिव्हलं ना, माय."

आई फळ्याजवळ गेली.

"अजून एक," ती म्हणाली. मैत्रीण पुन्हा बाहेर पळाली. आई पुन्हा पोरीच्या कानात कुजबुजली. या वेळी पोरीचा खडू हातातच थांबला.

"खरंच लिव्हू?"

"लिव्ह."

मैत्रीण आली. फळ्यावर बोट टेकवून तिनं सावकाश वाचलं, "पोरगी... शाळेत येईन. मोह... मी एकटीच येचीन."