रंगनाथमामांचे मागचे ब्रेक

माझे सासरे कसली ना कसली काळजी करत नाहीत असा दिवस मी या घरात आल्यापासून पाहिलेला नाही. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. तर रंगनाथमामा सकाळी उठले की आधी आभाळाकडे बघतात, मग वाकून जीपच्या खाली बघतात, आणि तोंड धुवायच्या आत त्यांच्या मनानं इतकं काही बिघडवून ठेवलेलं असतं की माझा चहा त्यांना गोड लागत नाही. साखर दोन चमचे असते. मी मुद्दाम सांगते, कारण नावं मला ठेवली जातात.

आमची वाडी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. एसटी खालच्या फाट्यावरून परत फिरते. तिथून वर माणसं, भाताची पोती, आजारी, नवरी, सगळं मामांच्या जीपमधून. जीप माझ्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठी आहे. हर्षल, म्हणजे माझा नवरा, चाकणला कंपनीत असतो आणि दर फोनला म्हणतो, "विकून टाका ते डबडं." मामा फोन माझ्या हातात देऊन बाहेर जातात.

आत्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून त्यांना आठवड्यातून दोनदा संगमनेरला डायलिसिसला न्यावं लागतं. वार चुकवायचा नाही, हे डॉक्टरांनी एकदाच सांगितलं. मामांनी ते किती वेळा मनात घोकलं असेल देव जाणे. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून ते आत्यांना पाठवत नाहीत. "घाटात कोन कसं हानील, काय भरवसा?" असं म्हणतात. घाट उतरायचा तो त्यांच्याच हातानं.

आणि त्याच घाटात, मागच्या श्रावणात, ब्रेक लागला नाही. ओढ्यातून गाडी काढली, पुढचा उतार लागला, मामांनी पाय दाबला आणि गाडी आपली चाललीच. पुढच्या सीटवर आत्या होत्या, मागे मी आणि चार-पाच माणसं. मामांनी जीप डोंगराच्या बाजूला मातीत घुसवली. पुढचा पत्रा चेपला, बाकी कुणाला खरचटलं नाही. आत्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "झालं न्हवं? चला आता, उशीर हुतोय."

मामांचं मात्र झालं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. रस्त्यात कुठंही थांबून ते खाली उतरायचे, चाकाला हात लावायचे आणि ब्रेकचं ऑइल गळतंय का म्हणून बोटं नाकाशी न्यायचे. उताराच्या आधी तीनदा पॅडल दाबून बघायचे. फाट्यावरचे बाकीचे जीपवाले त्यांना 'ब्रेकवाले रंगनाथ' म्हणून चिडवायचे. मलाही हसू यायचं, पण रात्रंदिवस तेच ऐकून जीव नको झाला होता. भाकरी ताटात तशीच ठेवून ते म्हणायचे, "धने, तवा डोंगराच्या बाजूला वळण हुतं. दरीच्या बाजूला आसतं तर?"

शेवटी ते संगमनेरच्या यशयाकडे गेले. यशया मेकॅनिक जुन्या जीपा उघडून बसलेला माणूस, बोलायला मोकळा. त्यानं सांगितलं की मागच्या चाकांना जुने ड्रम आहेत. ड्रम म्हणजे बंद डबा, त्यात ओढ्याचं पाणी आणि चिखल शिरला की बाहेर यायला तयार नसतो. त्याऐवजी डिस्क बसवू. ती उघडी तबकडी, पाणी फिरता फिरता उडून जातं. भंगारात पडलेल्या एका गाडीच्या डिस्क आणि त्यांना दोन्हीकडून चिमटीत धरणारे कॅलिपर त्याच्याकडे होते. ते बसतील अशा पट्ट्या तो कापून वेल्डिंग करून देणार होता.

आत्यांना डायलिसिसला आत सोडून आम्ही यशयाच्या गॅरेजमध्ये बसायचो. मामा त्याच्या मानेवर श्वास सोडत उभे. "वेल्डिंग सुटंल का? नटाला वायशर घातला का? त्यो पाइप चाकाला घासंल का?" यशयानं एकदा पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "मामा, तुमी जरा भाईर चा पिऊन या. माझ्या बी पोटात गोळा यायला लागलाय." ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची होती त्या दिवशी त्यानं मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तो खालून ओरडायचा, "दाबा! धरा! सोडा!" आणि प्रत्येक वेळी मामा खिडकीतून विचारायचे, "दाबला का गं?"

सगळ्या शंका विचारणाऱ्या या माणसानं एक शंका मात्र विचारली नाही. ती यशयानं स्वतःच काढली. हँडब्रेकची तार जुन्या ड्रमला आतून घट्ट धरणारी लायनर ओढायची. ड्रम गेले, आता तार ओढणार काय? हँडब्रेकवाले कॅलिपर शोधावे लागतील, थोडं थांबावं लागेल, असं तो म्हणाला.

"थांबायचं न्हाई," मामा म्हणाले. "हँडब्रेक कोन वढतंय आमच्याकडं? दगड हाय की."

हे खरंच होतं. आमच्याकडच्या जीपा इतक्या जुन्या की गिअरमध्ये उभ्या केल्या तरी चढावर गिअर सुटतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर रस्त्याच्या कडेला एक दगड कायमचा असतो. जो कुणी मागच्या दाराशी बसेल त्यानं आधी उडी मारायची, चाकामागे दगड सरकवायचा आणि पत्र्यावर थाप मारायची. थाप ऐकली की मग ड्रायव्हर उतरतो. कुणी कुणाला सांगत नाही. लहानपणापासून बघितलेलं असतं, पाहुणासुद्धा एका फेरीत शिकतो. त्यामुळे मामांचं बोलणं यशयाला पटलं, मलाही पटलं. यशया एवढंच म्हणाला, "बरं, पन मी कॅलिपर बगून ठिवतो."

नवे ब्रेक फार छान लागायचे. ओढ्यातून निघाल्याबरोबर पाय टेकवला की गाडी जागेवर. मामांनी उतारावर चार वेळा थांबवून बघितली, पाचव्यांदा आत्याच ओरडल्या. त्या आठवड्यात मामा दोन भाकरी खायला लागले. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

नंतरच्या मंगळवारची गोष्ट. एरवी आम्ही आत्यांना मोठ्या रस्त्यावर, सपाटीला उतरवतो आणि हाताला धरून चार पावलं नेतो. त्या दिवशी रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला होता. मामांनी डायलिसिसच्या दवाखान्याची गल्ली धरली. ती चांगली चढाची. घाटातले सगळे प्रवासी बसस्टँडवर उतरले होते. पुढे मामा आणि आत्या, मधल्या सीटवर मी, मांडीवर डब्याची आणि कागदांची पिशवी. मागचं बाक रिकामं.

दवाखान्याच्या दारात मामांनी जीप उभी केली, गिअर टाकला, इंजिन बंद केलं. आत्यांचा चेहरा सकाळपासून सुजलेला होता, श्वास लागत होता. मामांचं सगळं लक्ष तिकडे. तेवढ्यात दारातला वॉचमन मागून आला आणि गाडी आणखी पुढे घ्यावी म्हणून त्यानं पत्र्यावर थाप मारली.

मामा उतरले.

मला काही कळायच्या आत खाली कट्ट असा आवाज झाला आणि समोरची भिंत हळूहळू लांब जायला लागली. मागे उतार, उताराच्या तोंडाशी खणलेला खड्डा. मी "मामा, मामा!" असं काहीतरी ओरडले. ते आत्यांच्या दाराकडे निघाले होते. त्यांनी एकदा चाकाकडे बघितलं, आणि पुढं यायचं सोडून धावत गाडीच्या मागे गेले. मागे! जीपला खांदा लावला. सत्तरीला आलेला, काठीसारखा माणूस. मी वळून काचेतून बघितलं तर त्यांचं डोकं पत्र्याला टेकलेलं आणि पाय डांबरावरून घसरत होते. जागची हलू शकले नाही मी.

मग जीप थांबली. एकदम, हिसका बसून.

आत्या ड्रायव्हरच्या सीटवर सरकल्या होत्या. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, दोन्ही पाय ब्रेकवर. ज्या बाईला घरात पाटावरून उठायला हात द्यावा लागतो, ती बाई. पाय थरथर कापत होते, लुगड्याची कड हलताना मला दिसत होती.

"धने," त्या पुढेच बघत म्हणाल्या, "त्यांना म्हनावं, सरा मागनं."

मी काचेवर हात आपटून ओरडले. मामा हलेनात. "मी सरलो का गाडी जाईल!" ते खालून म्हणाले. त्यांना वाटत होतं गाडी त्यांनीच धरलीय.

"आवो, मी धरलीय!" आत्या म्हणाल्या.

"तुला व्हनार न्हाई! तू उतर खाली!"

"तुमी आदी सरा!"

दोघंही ऐकेनात. वॉचमन घाबरून दवाखान्याच्या दारातली फुलाची कुंडी उचलून घेऊन आला, मी उडी मारून दुसरी ओढली. दोन्ही चाकांमागे कुंड्या लागल्या. मी स्वतः मामांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं, तेव्हा कुठं आत्यांनी पाय काढले. काढले म्हणजे काय, मलाच ते उचलून खाली घ्यावे लागले.

मामा पुढे आले. शर्टाला काळं लागलेलं, ओठ पांढरे पडलेले. आत्यांनी त्यांना बघितलं आणि इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता असा आवाज लावला.

"मागं कशाला गेलात? मागं जातं का कुनी? चेंगारला आसता!"

"तू आत हुतीस," ते म्हणाले.

"मी हाये किती दिवसाची!" आत्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "मी आज हाय, उद्या न्हाई. माझ्यामागं तुमी तरी ऱ्हायला पायजेल का नगं?"

हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मामांनी गाडी उघडली, ड्रम बदलले, चाकं हुंगली, पण हे एवढं कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते तिथंच रस्त्यात, जीपच्या पायरीवर बसले आणि आत्यांचे ते कापणारे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागले. आतून नर्स नाव पुकारत होती. मी पिशवी घेऊन उभी होते.

"ऱ्हाईन," मामा खाली मान घालून म्हणाले. "तू आत चल आदी."