आवाज बसलेली गिटार

माझ्याकडे गिटार दुरुस्तीला आणणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांनी गिटार पाडलेली असते आणि जी शपथेवर सांगतात की ती आपोआप पडली. दुसरी, ज्यांच्या गिटारीला काहीही झालेलं नसतं. पहिल्यांचं काम सोपं असतं, डिंक लावायचा आणि पट्ट्यांत आवळून ठेवायचं. दुसऱ्यांनी मात्र मला आयुष्यभर छळलंय, कारण मला एक वाईट खोड आहे. एखाद्या गोष्टीचं मूळ सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. वडील सुतार होते. ते म्हणायचे, "हिच्या हातात खिळा दिला तर ही ठोकणार नाही, आधी तो कुठून आला ते विचारत बसेल."

एकांडा हा या दुसऱ्या प्रकारातला. एकांडा हे नाव मी ठेवलेलं. गाणी हाच लिहिणार, चाली हाच लावणार, गाणार हाच, घरच्या घरी रेकॉर्डिंग हाच करणार, जाहिरातीचे कागद हाच चिकटवणार आणि कार्यक्रम संपला की खुर्च्याही हाच उचलणार. ना कुठली कंपनी पाठीशी, ना कुणी गुरू. चाळिशीला टेकलेला, उंच आणि कायम हसरा. मी बोलायला लागले की मान थोडी डावीकडे वळवून, उजवा कान माझ्याकडे करून उभा राहायचा. किती मन लावून ऐकतो हा मुलगा, असं मला वाटायचं.

त्याच्या कार्यक्रमांचे किस्से ऐकण्यासारखे असायचे. शनिवारी दुपारी तो एका कॉफीच्या दुकानात गायचा, तिथे दूध फेसाळायचं यंत्र नेमकं हळव्या ओळीला सुरू व्हायचं. वाचनालयाच्या अंगणात त्याला अकरा श्रोते मिळाले, त्यातले दोघे पुस्तकं परत करायला आले होते. चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाला तो तीन तास गायला. या सगळ्याआधी पोटापाण्यासाठी त्याने बारा वर्षं एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवलं होतं. तिथलं स्टेज एवढंसं, की ड्रमवाल्याची पितळी झांज ह्याच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर. "ताई, तो जोरात आला की माझे केस उडायचे," तो सांगायचा आणि आम्ही दोघं हसायचो.

रेकॉर्डिंगसाठी त्याच्याकडे स्टुडिओ नव्हता, कपाट होतं. दोन खोल्यांचं घर. बायको दातांच्या दवाखान्यात कामाला गेली, की हा तिच्या कपाटात शिरायचा. दोन्ही बाजूंना कपडे, पाठीशी रजया, मांडीवर गिटार, समोर माईक. दार लावलं की बाहेरचा आवाज आत फारसा येत नाही. फ्रीजची घरघर नको म्हणून तो बंद करायचा, आणि मग चालू करायचा विसरायचा. दोनदा दूध नासलं. सहा वर्षांची मुलगी शाळेतून यायची, तिला नियम पाठ होता. कपाटाचं दार लागलेलं असेल तर गप्प बसायचं.

गिटार जुनीच, पण जातिवंत. एकोणीस वर्षं त्याच्याकडे होती आणि अंगठा घासून घासून भोकाखालचा रंग उडाला होता. तीच घेऊन तो एका सकाळी आला आणि म्हणाला, "ताई, हिचा आवाज बसलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वी कशी खणखणायची. आता तोंडावर पांघरूण घेऊन बोलल्यासारखं वाजतं."

मी तपासली. आतून छोटा आरसा आणि दिवा घालून पाहिलं. कुठे सुटलेलं नाही, चीर नाही. तारा जुन्या होत्या, त्या बदलल्या. तो खूश होऊन गेला आणि तीन आठवड्यांत परत आला. आवाज पुन्हा बसलेला. मग मी तारा जिच्यावर टेकतात ती घोडीवरची प्लॅस्टिकची पट्टी काढून हाडाची बसवली. ती तासायला माझा अख्खा दिवस गेला. महिनाभरात स्वारी पुन्हा दारात.

या वेळी माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं! हातात जोर राहिला नाही, म्हणून गिटारीला नावं ठेवतोस होय रे?" तो हसला. मग मी एक लबाडी केली. गिटार ठेवून घेतली, काहीही केलं नाही, दोन दिवसांनी फडक्याने पुसून परत दिली. त्याने एक सूर छेडला आणि म्हणाला, "आता कशी खुलली!" मी ओठ चावून गप्प राहिले. तो गेल्यावर मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. आज आठवलं की लाज वाटते.

मधे एकदा गिटार न्यायला त्याची बायको आली होती. ती म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा ह्याला काहीतरी. घरी माझं एक ऐकत नाही." मी म्हटलं, "कुणाचा नवरा ऐकतो?" त्यावरही आम्ही पोटभर हसलो.

चौथ्या वेळी तो आला तेव्हा हसत नव्हता. त्याच्या आयुष्यातला पहिला अल्बम होत आला होता. नऊ गाणी, सगळी कपाटात रेकॉर्ड केलेली. दोन महिन्यांनी वाचनालयात ती लोकांसमोर आणायची होती. "सगळं जमलंय, फक्त हीच दगा देतेय," तो गिटारीकडे बोट दाखवून म्हणाला. "ताई, हिला उघडा. आतल्या फळ्या तासून पातळ करा. नाहीतर मी ही विकतो आणि दुसरी घेतो."

गिटारीच्या पोटात लाकडाच्या बारीक फळ्या असतात. वरच्या पातळ तक्त्याला त्यांचाच आधार. त्या तासल्या की आवाज मोकळा होतो खरा, पण तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. जरा जास्त गेलं तर तारांच्या ताणाने तक्ता फुगतो आणि वाद्य कामातून जातं. धडधाकट गिटारीचं पोट फाडायला माझा हात धजेना. मी म्हटलं, "आधी मला हिचा जुना आवाज ऐकव. बसला म्हणतोस तर कुठून कुठे बसला, ते तरी कळू दे." त्याने चार वर्षांची सगळी रेकॉर्डिंगं आणून दिली.

मी ती तारखेप्रमाणे लावली आणि काम करता करता ऐकत बसले. पहिल्या वर्षीची गिटार कशी गोड! लाकडाचा ऊबदार आवाज. दुसऱ्या वर्षी जरा चमक वाढली. तिसऱ्या वर्षी आणखी. आणि ही नवी नऊ गाणी? पहिल्या तारेचा प्रत्येक सूर कानात टोचत होता. गाण्यात 'स' किंवा 'श' आला, की मी हातातली कानस खाली ठेवून डोळे मिटत होते. नवव्या गाण्यात फक्त एक गोष्ट आवडली. शेवटच्या कडव्याच्या आधी मागून एका लहान मुलीचा बारीक आवाज येतो, "बाबा, झालं का?" आणि गाणं तसंच पुढे जातं. ही कल्पना मला फारच सुंदर वाटली.

पण मग कोडं आणखीच अवघड झालं. जो माणूस म्हणतो गिटार मंद वाजते, त्याच्याच रेकॉर्डिंगमध्ये ती वर्षावर्षाला धारदार होत चाललीय. मी त्याची गिटार माझ्या फोनवर रेकॉर्ड करून पहिल्या वर्षाच्या गाण्याशेजारी लावून पाहिली. तीच गोडी होती. म्हणजे गिटार होती तशीच होती. रात्रभर मला स्वस्थ झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उत्तर ऐकायला आला. नेहमीसारखा स्टुलावर बसला. डिंक वाळायची वेळ लक्षात राहावी म्हणून माझ्याकडे एक छोटा टायमर आहे, तो त्याच्या डावीकडच्या मांडणीवर होता. मी बाकी काही बोलायच्या आधी म्हटलं, "शेवटच्या गाण्यात मुलीला बोलायला लावलंस, ते फार आवडलं मला."

"हो ना, ताई," तो हसून म्हणाला आणि फळ्या किती तासायच्या ते सांगू लागला.

तेवढ्यात टायमर वाजायला लागला. त्याचा आवाज इतका किरकिरा आहे, की दारातलं मांजर उठून चालतं होतं. ते उठलंच. मी बंद करायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला. एकांडा बोलतच होता. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नव्हती. टायमर कोकलत होता आणि हा मला सांगत होता, की मधली फळी जास्त तासा, कडेच्या कमी.

मी टायमर उचलला, त्याच्या पाठीमागून फिरले आणि उजव्या कानाशी नेला.

तो थांबला. "तुमचा फोन वाजतोय का?"

"टायमर आहे."

"कधीपासून वाजतोय?"

"तू फळ्यांबद्दल बोलायला लागलास तेव्हापासून."

त्याने माझ्या हातून टायमर घेतला. डाव्या कानाला लावला, उजव्या कानाला लावला, पुन्हा डाव्या. "बिघडलाय वाटतं," तो म्हणाला.

"टायमर चांगला आहे. गिटारही चांगली आहे. तू कान दाखवून ये."

हे जरा मऊ करून सांगायला हवं होतं, पण तो माझा स्वभाव नाही. त्याचा चेहरा लाल झाला. "काम करायचं नसेल तर सरळ सांगा की," असं म्हणून गिटार उचलून तो निघून गेला. पुढचे अकरा दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. मला स्वतःचाच राग येत होता. पुन्हा पुन्हा येऊन तो मला दुखणं सांगत होता आणि मी त्याची टर उडवत बसले होते.

बाराव्या दिवशी तो एक कागद घेऊन आला. त्यावर कान तपासून काढलेली एक रेघ होती. बराच वेळ सरळ जाणारी आणि मग एकदम खाली कोसळणारी. कोसळल्या जागी बोट ठेवून तो म्हणाला, "इथे बारीक, चढे आवाज, म्हणजे पक्षी असतात म्हणे. मी दोन वर्षं बायकोला सांगतोय, की आपल्याकडचे पक्षी कुठेतरी गेले." गेलेलं ऐकणं परत येणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. उरलेलं सांभाळायचं, वाजवताना कानात बोळे घालायचे आणि एरवी दोन्ही कानांना यंत्र.

"गाणाऱ्याच्या कानात यंत्र! लोक काय म्हणतील, ताई?"

"लोक तुझ्या 'स' बद्दल काय म्हणतात ते आधी ऐक," मी म्हटलं. मग मात्र मला राहवलं नाही. "त्या दिवशी मी वाकड्या अंगणाचं बोलले, ते माझं चुकलं रे."

"कुठल्या दिवशी?" त्याने विचारलं आणि हसला. "मला ते नीट ऐकूच आलं नव्हतं."

यंत्रं बसवल्यावर तो पहिल्यांदा आला, तेव्हा स्वतःच्या शर्टाच्या सळसळीने दचकत होता. गिटार मांडीवर घेतली, एक सूर छेडला आणि लगेच हाताने तारा दाबल्या. "ही अशी वाजते?" "एकोणीस वर्षं अशीच वाजते," मी म्हटलं. मग त्याने आपलीच नवी गाणी माझ्या स्पीकरवर लावली. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याने दोनदा कान झाकले. "ऐकू येईनात म्हणून वरचे सूर मीच दरवर्षी वाढवत गेलो. तुम्ही हे सगळं ऐकलंत?"

"कानस घासत घासत. तिचा आवाज बरा वाटत होता."

नववं गाणं लागलं. शेवटच्या कडव्याच्या आधी तो बारीक आवाज आला, "बाबा, झालं का?" त्याने गाणं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. तीनदा.

"ही कधी बोलली?"

"अरे, मी तुला म्हटलं होतं की, कल्पना आवडली म्हणून."

"मग मी काय म्हणालो?"

"हो ना, म्हणालास. हसलास."

घरी जाऊन त्याने गाण्यांचे सगळे कच्चे तुकडे तपासले. मुलगी सात ठिकाणी सापडली. कपाटाच्या दाराबाहेर उभं राहून तोच एक प्रश्न, आणि एकदाही उत्तर नाही. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "हल्ली ती विचारत नाही. म्हणते, बाबा कामात असले की ऐकत नाहीत."

वाचनालयाची तारीख पुढे गेली. त्याने नऊच्या नऊ गाणी पुन्हा केली, त्याच कपाटात, त्याच गिटारीवर. मुलीला सांगून ठेवलं, की दार लागलेलं असलं तरी विचारायचं.

आता तो अल्बम माझ्या दुकानात वाजत असतो. नवव्या गाण्यात, शेवटच्या कडव्याच्या आधी तो आवाज येतो, "बाबा, झालं का?" गिटार मधेच थांबते. "झालं गं. ये." मग कपाटाच्या दाराची कुरकुर ऐकू येते आणि गाणं संपतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "अरे, शेवटचं कडवं राहिलं की! पुन्हा का नाही घेतलंस?"

तो म्हणाला, "ती बाहेर उभी होती, ताई."